ऊन लागलेली गाडी

“गाडीले ऊन लागलं साहेब, दुसरं काही नाही.”

मिस्त्री हे बाबांना सांगत होते. मी मागच्या सीटवर मांडीवर पुस्तक उघडं ठेवून बसले होते आणि पाऊण तासात त्याचं एक पानही उलटलं नव्हतं. मे महिन्यातली दुपार होती. काटोल रस्त्यावर एका कडुनिंबाखाली आमची गाडी बॉनेट उघडून उभी होती. ती बंद पडल्यावर बाबा कुणाच्या तरी स्कूटरवर मागे बसून शहरात गेले होते आणि लकडगंजातल्या गॅरेजमधून मिस्त्रींना घेऊन आले होते.

“माणसाले कसं ऊन लागते, तसंच हे,” मिस्त्री समजावत होते. “पंप तापला. पेट्रोलची झाली वाफ. वाफ काही पुढे सरकून नाही राहिली. ओला फडका बांधतो पंपाले, मग पाहा.”

“मग कांदा नाही का ठेवायचा खिशात?” माझ्या शेजारून आईनं विचारलं. तिनं नाकाशी संत्र्याच्या वाळलेल्या सालीची पुरचुंडी धरली होती, त्यामुळे तिचा आवाज सर्दी झाल्यासारखा येत होता.

“ठेवून पाहा बाई,” मिस्त्री गंभीरपणे म्हणाले. “नुकसान तर काही नाही.”

फडका बांधला, अर्धा तास गेला, गाडी सुरू झाली. घरी आल्यावर बाबांनी खरोखरच एक पांढरा कांदा समोरच्या खणात ठेवला. पुढे त्याला कोंब आले तरी तो तिथेच होता.

गाडी काळी, गोल पाठीची, माझ्याहून दोनच वर्षांनी लहान. बाबांनी ती एका निवृत्त डॉक्टरांकडून घेतली होती आणि तिच्यात कितीतरी दिवस औषधांचा वास येई. औषधांचा वास गेला तसा पेट्रोलचा आला. उन्हाळ्यात टाकीच्या झाकणातून तो सारखा आत पसरे. आईला गाडी लागायची. कळमेश्वरला मामाकडे जायचं म्हटलं की तिची तयारी आदल्या दिवशी सुरू होई: साली, लिंबू, ओला रुमाल आणि “मी एसटीनं जाते, तुम्ही या मागून” हे वाक्य.

माझं त्या गाडीशी वेगळंच नातं होतं. मी तेव्हा कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला होते. दहा वर्षं इंग्रजी शाळेत काढल्यामुळे मराठीत बोलताना मी आधी मनात वाक्य जुळवून पाहत असे. ते जुळेपर्यंत समोरचे लोक पुढच्या विषयावर गेलेले असत. पाहुणे आले की मी चहा ठेवून मागच्या दारानं सटके. “पोरगी गुणाची आहे, पण बोलतच नाही” असं आमच्याकडे येणारा प्रत्येक जण आईला ऐकवून जाई, जणू आईला ते ठाऊक नव्हतं.

पण रविवारी सकाळी बाबा मला गाडी घेऊन शहराबाहेरच्या एका मोकळ्या मैदानावर नेत आणि चाक माझ्या हातात देत. तिथे बोलावं लागत नसे. क्लच, गिअर, ब्रेक. गाडी माझं ऐके, आणि मला कुणाला काही समजावून सांगावं लागत नसे. बाबा शेजारी बसून वर्तमानपत्र वाचत. माझ्यावर विश्वास आहे हे दाखवायची त्यांची ती पद्धत होती, कारण वर्तमानपत्र पुष्कळदा उलटं असे. शिकाऊ परवाना होता, पक्का काढायला अजून अवकाश होता. संक्रांतीनंतर काढू, असं ठरलं होतं.

तर पेट्रोलचा वास. एप्रिलमध्ये एका दुपारी, घरात सगळे झोपलेले असताना, मी त्याचा बंदोबस्त केला होता. सायकलची जुनी ट्यूब होती. पेट्रोलच्या टाकीचं झाकण काढून मी ट्यूबवर ठेवलं, पेन्सिलीनं गोल काढला, आईच्या कात्रीनं कापला आणि ती चकती झाकणाच्या आतून घट्ट बसवली. बाटलीच्या बुचाला असते तशी. झाकण फिरवलं तर कसं छान आवळून बसलं! पुढच्या खेपेला आई साल नाकाशी धरून बसली आणि थोड्या वेळानं तिनं हात खाली घेतला. “आज वास नाही आला वं,” ती म्हणाली. मी खिडकीबाहेर पाहत राहिले आणि मनातल्या मनात स्वतःची पाठ थोपटली. सांगितलं कुणालाच नाही. सांगितलं असतं तर “तू केलंस? कसं केलंस? दाखव बरं” सुरू झालं असतं. सालीची पुरचुंडी मात्र आईनं सोडली नाही. वास नसला तरी भरवसा नव्हता.

त्यानंतर गाडी थांबायला लागली. त्या दोन गोष्टी एकापाठोपाठ घडल्या हे मला ठाऊक होतं, पण माझ्या मनात त्यांची कधी गाठच पडली नाही.

गाडीची तऱ्हा अशी: शहरात फिरवा, बाजारात न्या, मैदानावर मला शिकवा, तिची काही तक्रार नाही. गॅरेजमध्ये तर ती इतकी शहाण्यासारखी वागे की मिस्त्री चार चकरा मारून आणत आणि बाबांकडे संशयानं पाहत. पण लांबच्या रस्त्याला टाकी भरून निघालो की शहर सोडून काही वेळ झाल्यावर ती दोन-तीन आचके देई आणि उभी राही. अर्धा-पाऊण तास थांबलं की आपली आपण सुरू.

दुसरी तऱ्हा पेट्रोलच्या काट्याची. गाडी थांबायच्या थोडं आधी काटा वर चढे. भरल्याच्या खुणेवरून खाली आलेला काटा हळूहळू पुन्हा त्या खुणेपर्यंत जाई.

“चालता चालता पेट्रोल वाढवणारी गाडी आहे आपली,” बाबा म्हणत. “अशी जगात दुसरी नसेल.”

मिस्त्रींनी टाकीतला तरंगणारा गोळा बदलला. काटा आठवडाभर नीट वागला आणि कळमेश्वरच्या रस्त्यावर पुन्हा चढला. मिस्त्रींनी वायर बदलली. मग सगळं मीटरच बदललं. नवीन काटाही तसाच चढला.

“हे दोन वेगवेगळे रोग आहेत साहेब,” मिस्त्री म्हणाले. “इंजिनचा वेगळा, काट्याचा वेगळा. म्हातारपणी माणसाले नाही का, गुडघेही दुखते अन् डोळ्यालेही कमी दिसते?”

मिस्त्री चांगले होते. हात कसबी आणि नियत साफ. पण गाडीला ते माणूस समजत, आणि माणसाचे रोग ऋतूप्रमाणे बदलतात. उन्हाळ्यात गाडीला ऊन लागलं. पावसाळ्यात ती वाटेतल्या फेटरी गावाजवळ थांबली तेव्हा तिच्या छातीत पाणी गेलं होतं. डिसेंबरात थांबली तेव्हा ते म्हणाले, “सर्दी झाली. थंडी काय कमी पडून राहिली का यंदा?” प्रत्येक वेळी त्यांनी प्लग पुसले, कार्ब्युरेटर उघडून साफ केला, पंपाला फडका बांधला, उन्हाळ्यात गार पाण्याचा, हिवाळ्यात कोमट. प्रत्येक वेळी गाडी सुरू झाली. त्यामुळे प्रत्येक वेळी त्यांचं निदान खरंच ठरलं.

मी मागे बसून ऐके. पुरुष नेहमी गाडीच्या पुढच्या भागाशी असत. बॉनेट उघडलं की रस्त्यानं जाणारे दोघं-तिघंही येऊन आत वाकून पाहत आणि सल्ला देत. मागे कुणी फिरकत नसे. मागे मी असे आणि मला एक आवाज ऐकू येई. गाडी आचके देण्याच्या थोडं आधी पाठीमागून, डिकीच्या खालून, टक्क. पत्र्याला बोट मारल्यासारखा. मग गाडी थांबून बराच वेळ गेला की पुन्हा एकदा टक्क, आणि मग ती सुरू होई. हे मी तीन वेळा मोजून पाहिलं. चौथ्या वेळी सांगायचं ठरवलं, वाक्यही जुळवलं, पण तेवढ्यात मिस्त्रींनी डोकं वर काढून विचारलं, “बेबीले तहान लागली का?” एकोणीस वर्षांच्या मुलीला बेबी म्हटल्यावर तिनं काय बोलावं? मी नाही म्हणून मान हलवली.

आणखी एक गोष्ट. पेट्रोल पंपावरचा माणूस झाकण काढताना एकदा हसून म्हणाला होता, “बाबूजी, टाकीत गॅस झाला आहे. सुस्स करते.” बाबा म्हणाले, “ओवा घाल तिला.” दोघंही हसले. मीही हसले. आता आठवलं की त्या हसण्याचीच मला सगळ्यात जास्त लाज वाटते.

संक्रांतीच्या आठवड्यात आईचा संयम संपला. डिसेंबरात ती दोन तास रस्त्याकडेला बसली होती आणि ओळखीचं अर्धं कळमेश्वर एसटीच्या खिडक्यांतून तिच्याकडे पाहत गेलं होतं. लकडगंजातला एक लाकडाचा व्यापारी गाडी मागत होता. रविवारी घेऊन जातो म्हणाला होता.

“बिघडते त्याचं मले काही नाही,” आई बाबांना म्हणाली. “घरात काय बिघडत नाही? स्टोव्ह बिघडते, शिलाई मशीन बिघडते. पण ते काहून बिघडलं हे कळते. या गाडीचं काहूनच कळत नाही. ते कळलं तर ठेवा. नाही तर रविवारी देऊन टाका.”

बाबांनी जेवता जेवता मान डोलावली. मग माझ्याकडे पाहिलं आणि लगेच ताटाकडे. शुक्रवारी मिस्त्रींनाच सोबत घेऊन कळमेश्वरला जायचं, त्यांना रस्त्यातच रोग पकडू द्यायचा, असं ठरलं. तोवर गाडी गॅरेजमध्ये राहणार होती. तो शेवटचा प्रयत्न होता. मैदान, चाक, उलटं वर्तमानपत्र, परवाना हे सगळं एका व्यापाऱ्याच्या दारात जाऊन उभं राहणार होतं.

गुरुवारी संध्याकाळी आईनं तळण काढलं. मामाकडे न्यायला तिळाच्या वड्या झाल्या होत्या, आता शेव करायची होती. फल्लीच्या, म्हणजे शेंगदाण्याच्या तेलाचा नवा डबा फोडायचं काम तिनं मला सांगितलं. मी खिळा आणि बत्ता घेऊन डब्याच्या कोपऱ्यात एक भोक पाडलं, डबा उचलून किटलीवर तिरपा केला. तेल चांगलं धारेनं आलं. मग धार बारीक झाली. मग तुटली. एक गचका, थोडं तेल, पुन्हा बंद.

आणि डब्याचा पत्रा आत बसला. टक्क.

मी डबा तसाच धरून उभी राहिले.

“अवं, एकच भोक पाडलं काय?” आई कढईवरून म्हणाली. “कॉलेजात काय शिकवते तुले? हवा कुठून जाईल आत? समोरच्या कोपऱ्यात दुसरं पाड.”

मी दुसरं भोक पाडलं. डबा पुन्हा टक्क करून फुगला आणि तेल सरळ वाहू लागलं.

हवेचा दाब, पोकळी, हे सगळं मी शाळेत शिकले होते. इंग्रजीत विचारलं असतं तर आकृती काढून पाच मार्कांचं उत्तर लिहिलं असतं. पण ते उत्तर कागदावर राहणारं होतं. गाडीच्या टाकीपर्यंत ते कधी चालत गेलंच नव्हतं. तेलाच्या डब्यानं ते एका क्षणात तिथे नेऊन ठेवलं. टाकीच्या झाकणाला मधोमध एक बारीक छिद्र होतं. चकती बसवताना मी ते पाहिलं होतं आणि वास इथूनच येतो म्हणून खूश झाले होते. पेट्रोल इंजिनाकडे जाई, त्याच्या जागी हवा यायला वाटच नव्हती. टाकी आत ओढली जाई, टक्क. ती आकसली की आतलं पेट्रोल वर चढे, त्यावर तरंगणारा गोळा वर चढे आणि काटाही चढे. काटा बिचारा खरं तेच सांगत होता. शेवटी पंपाला पेट्रोल ओढता येईना की इंजिन थांबे. अर्ध्या तासात रबराच्या कडेनं जराशी हवा झिरपे की पुन्हा सुरू. भरलेल्या टाकीत हवा थोडी, ती लवकर विरळ होई; शहरात फिरताना टाकी कधी भरलेली नसे, म्हणून लांबच्या प्रवासालाच हा प्रकार. मिस्त्रींचे दोन्ही रोग एकच होते, आणि तो रोग मी कात्रीनं कापून बसवला होता.

माझा पहिला विचार असा: गुपचूप काढून टाकायचं. कुणाला काही कळणार नाही. पण गाडी लकडगंजात होती.

शुक्रवारी सकाळी मिस्त्री टाकी भरून गाडी घेऊन आले. झाकणाला कुलूप होतं आणि त्याची किल्ली चावीच्याच जुडग्यात. बाबांनी जुडगा घेतला आणि सरळ चाकामागे जाऊन बसले. मी गाडीच्या मागे उगाच रेंगाळले.

“तिथं काय करून राहिली? बस ना वं,” आई म्हणाली.

मी बसले. फेटरी मागे पडली. काटा चढू लागला. मिस्त्री पुढे बसून कान देऊन इंजिन ऐकत होते. माझ्या पाठीमागे टक्क झालं, दोन आचके, आणि गाडी तुरीच्या एका शेतापाशी थांबली.

“धरला!” मिस्त्री उडी मारून उतरले. बाबा उतरले. बॉनेट वर गेलं आणि दोघंही कमरेपर्यंत त्यात गेले.

चावी चाकाजवळ लावलेलीच होती आणि जुडगा तिला लटकत होता. मी दार उघडून उतरले, पुढच्या खिडकीतून हात घालून तो काढला आणि मागे गेले. घाईत किल्ली दोनदा चुकली. झाकण घट्ट बसलं होतं. पूर्ण जोर लावून फिरवलं तसा सुस्स असा लांब आवाज झाला, कोंडलेल्या माणसानं सुस्कारा टाकावा तसा, आणि खाली टाकीनं टक्क करून अंग सरळ केलं. मी नखानं चकती उचकटली. पेट्रोलनं ती फुगून जाड झाली होती. मुठीत घेतली, झाकण लावलं, कुलूप केलं.

“अरे, चावी कुठे गेली?” बाबांचा आवाज आला.

मी पुढे जाऊन जुडगा त्यांच्या हातात दिला. गाडी पहिल्या झटक्याला सुरू झाली.

“पाहा!” मिस्त्री म्हणाले. “आत्ताच फडका लावला, अन् पाच मिनिटंही नाही झाली. लागू पडला!”

मी गाडीत येऊन बसले. झालं. गाडी बरी झाली होती आणि कुणाला काही कळलं नव्हतं. मी नेहमी करते तसंच सगळं पार पडलं होतं.

पण बाबा हसले नाहीत. त्यांनी बॉनेट खाली घेतलं आणि खिशातला रुमाल काढून त्यावरची धूळ पुसू लागले. पुसून झालेली जागाच पुन्हा पुसू लागले.

“मिस्त्री, तुम्ही पुष्कळ केलंत,” ते म्हणाले. “पण आज फडक्यानं चालली, उद्या पुन्हा थांबेल. का थांबते ते कळत नाही, ते नाहीच. रविवारी देऊन टाकू.”

मिस्त्रींनी मान खाली घातली. “हो साहेब,” ते म्हणाले. “मले नाही सापडलं.” हे म्हणताना त्यांचा चेहरा असा झाला की मला त्यांच्याकडे पाहवेना. आठ महिने या माणसानं माझ्या चकतीच्या रोगावर फडकी बांधली होती.

चकती अजून माझ्या मुठीतच होती. मी आईच्या कानाला लागले आणि जेवढं जमलं तेवढं, तुटक तुटक सांगितलं. रबर. झाकण. डबा. तुला वास येऊ नये म्हणून.

आईनं नाकाजवळची पुरचुंडी खाली ठेवली. माझी मूठ उघडून पाहिली. तिच्या ओठांच्या कडा हलायला लागल्या, पण तिनं हसू दाबून धरलं.

“मले काहून कानात सांगते?” ती म्हणाली. “मी काय गाडी विकून राहिली का? उतर. त्याइले सांग. मोठ्यानं सांग.”

मी उतरले. इंजिन चालू होतं, म्हणून खरोखरच मोठ्यानं बोलावं लागणार होतं. बाबा आणि मिस्त्री दोघंही वळून पाहू लागले. या वेळी मी वाक्य आधी जुळवलं नाही. हात पुढे करून चकती दाखवली आणि मला स्वतःलाच अनोळखी वाटेल इतक्या मोठ्या आवाजात म्हणाले,

“बाबा, गाडीला ऊन लागलं नव्हतं, सर्दीही नव्हती. टाकीच्या झाकणाला हे रबर मी लावलं होतं, त्यामुळे आत हवाच जात नव्हती. मिस्त्रीकाका, तुमचं काही चुकलं नाही, चूक माझी आहे. आता कारण कळलंय, तेव्हा गाडी विकायची नाही. आणि इथून कळमेश्वरपर्यंत ती मी चालवणार आहे.”